शेवटी पाहुणा कुठे गेला?

डॉक्टरांनी काउंटरवरची घंटा टिंग करून वाजवली, चष्मा कपाळावर चढवला आणि प्रश्न टाकला.

"'दीपगृहातला पाहुणा'. शेवटी पाहुणा कुठे गेला?"

"कुठे जाणार? जळून मेला," पोस्टमास्तर बिस्कीट चहात बुडवता बुडवता म्हणाले.

"चूक. घरी गेला. बोटीत बसून. किनाऱ्यावर त्याची आई कंदील घेऊन उभी असते."

"काहीतरीच काय! चांगला कोळसा झाला त्याचा. मी पाहिलाय."

"मीही पाहिलाय."

"हरकत!" गणिताच्या बाईंनी हात वर केला. वर्गात मुलांनी करावा तसा, सरळ कोपरातून.

डॉक्टर दातांचे होते. दर रविवारी दुपारी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जुन्या भीतिपटांवरच्या प्रश्नांची बैठक भरायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, कोपऱ्यात प्लॅस्टरचा जबडा, आणि त्यांच्यामध्ये चारसहा म्हातारी माणसं भुतांवरून तावातावाने भांडत बसलेली. डॉक्टरांच्या बायकोने या प्रकाराला भूतसभा असं नाव ठेवलं होतं. ती गेली, नाव राहिलं. सभेत गोड बिस्किटं असत, आणि ती धंद्याला बरकत यावी म्हणून ठेवलेली असतात असं पोस्टमास्तर दर रविवारी न चुकता म्हणत.

सभेचे नियम फार नव्हते. नटांना त्यांच्या नावाने हाक मारायची नाही, लहानपणी पिटातल्या प्रेक्षकांनी ठेवलेल्या नावानेच मारायची. ती परकी नावं तेव्हा कुणाच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून बटबटीत डोळ्यांचा तो बुबुळ आणि काटकुळा, लांबलचक तो सुतळी. दुसरा नियम हरकतीचा. ज्या प्रश्नाची दोन उत्तरं निघू शकतात तो प्रश्न बाद, आणि विचारणाऱ्याने पुढच्या रविवारची बिस्किटं आणायची. पोस्टमास्तरांनी एकदा "आरशामागचा शेजारी कोण?" असं विचारलं होतं. आरशात दिसणारं काम बुबुळाचं, पण अंधारात भिंत खरवडणारा हात सुतळीचा, मग शेजारी नक्की कोणता? त्यावर दोन तास रण माजलं होतं आणि पोस्टमास्तरांना बिस्किटं आणावी लागली होती. डॉक्टरांवर ही वेळ कधीच आली नव्हती. बुबुळ आणि सुतळी हा त्यांचा प्रांत. त्यात कुणी ब्र काढत नसे.

"हरकत कशावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोस्टमास्तरांनी पाहिलाय, तुम्हीही पाहिलाय. एक म्हणतो जळला, एक म्हणतो घरी गेला. दोन उत्तरं झाली की."

"त्याचं कारण आहे, बाई. आमच्या गावच्या टॉकीजला वेगळी प्रिंट यायची. हे मी पूर्वीही सांगितलंय. माझे वडील तिथे डोअरकीपर होते. एक अख्खा मोसम रोज दुपारी भीतिपट लागायचे, आणि मी एकही सोडला नाही."

"सांगितलंयत. म्हणूनच विचारते." बाईंनी पर्स मांडीवरून उचलून खाली ठेवली, म्हणजे आता त्या गणित सोडवणार होत्या. त्यांनी स्वतः यातला एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. यजमान गेल्यावर रविवार खायला उठतो म्हणून त्या वर्षभरापूर्वी सभेला यायला लागल्या होत्या. "'घंटाघराचा राखणदार'. सुतळी मनोऱ्यावरून पडतो. पोस्टमास्तर म्हणतात फरशीवर. तुमच्याकडे?"

"गवताच्या गंजीवर."

"'आरशामागचा शेजारी'. बुबुळ आरशात कायमचा अडकतो. तुमच्याकडे?"

"आरसा फुटतो. तो बाहेर येतो आणि प्यायला पाणी मागतो."

"डॉक्टर," बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गावच्या कुठल्याच प्रिंटमध्ये कुणी मरत कसं नाही?"

सगळे हसले. पोस्टमास्तरांचं बिस्कीट चहात पडलं, त्यावर आणखी हसले. डॉक्टरही हसले, पण उशिरा. मग त्यांनी घंटा उगाचच पुन्हा वाजवली आणि पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर कुणी काय दिलं ते त्यांना ऐकूच आलं नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. त्या काळातल्या इतर भीतिपटांसारखाच 'दीपगृहातला पाहुणा'ही आजवर कुणालाच पुन्हा पाहायला मिळाला नव्हता. त्याची एक प्रत कुठल्याशा गोदामात सापडली होती, ती धुऊनपुसून नीट केली होती आणि पुढच्याच रविवारी चित्रपट मंडळ ती सभागृहात दाखवणार होतं. सुरुवातीला चार शब्द बोलायला डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी मंडळाच्या चिटणीसांना मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं की याचा आणखी एक शेवट होता, तो फक्त आमच्या टॉकीजमध्ये दाखवला गेला. चिटणीस हरखून गेले होते. हे जाहीर करू, म्हणाले, शोध घ्यायला लावू. फक्त आणखी एखादा साक्षीदार हवा.

साक्षीदार होता. त्या अंधारात डॉक्टर काही एकटे बसले नव्हते.

बुधवारी दुपारी दवाखाना बंद करायच्या आधी त्यांनी एका मुलीची दाढ काढली. मुलगी चांगली घोडनवरी होती, पण खुर्चीचे हात तिने असे धरले होते की बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर नेहमीसारखे बोलत राहिले. आता फक्त गार वाटेल. आता एक मुंगी येईल, चावेल आणि निघून जाईल. आता मी जरा हलवून बघतोय, तुम्ही खिडकीतल्या कुंडीकडे बघा. झालं, झालंच. डॉक्टरांच्या हातापेक्षा त्यांच्या बोलण्यानेच दुखायचं थांबतं, असं पेशंट एकमेकांना सांगत. हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, हे शिकवत नाहीत, असतं एखाद्याकडे. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

हात धुऊन ते ताईकडे गेले.

ताई आता लेकीकडे राहत होती, नदीपलीकडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. दार भाचीने उघडलं.

"या, मामा. आईला सांगा काहीतरी. सकाळपासून किलोभर मटार सोलून ठेवलाय, आणि म्हणते आणखी आण."

ताई बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर ताट. तिच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता. मधोमध सगळं धुकं आणि कडेकडेचं तेवढं थोडं दिसे. म्हणून बोलताना ती समोरच्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघायची, आणि नवख्या माणसाला वाटे की आपल्यामागे कुणीतरी उभं आहे. बोटं मात्र शेंग बरोबर शिवणीवर फोडत होती.

"चिमण्या का रे?" ती म्हणाली. सत्तरीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला या नावाने हाक मारणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं.

"मीच. ताई, तुला 'दीपगृहातला पाहुणा' आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"त्याचा शेवट सांग बरं."

ताईची बोटं थांबली. सोललेला एक दाणा ताटाच्या काठावरून घरंगळला आणि फरशीवर टपटपत गेला. तिने मान जराशी तिरकी केली, कडेच्या नजरेने भावाचा चेहरा पकडायचा प्रयत्न केला.

"कुठला सांगू?" ती म्हणाली. "खरा, का तुझा?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"माझा म्हणजे?"

"अरे, तू कुठे पाहिलास? पडद्यावर नावं यायला लागली की तुझं डोकं माझ्या मांडीत. वर परत माझा हात कानावर हवा, तोही अर्धाच, कारण मी सांगते ते ऐकू यायला हवं. झालं का ताई, झालं का, एवढंच चाललेलं तुझं. माझ्या फ्रॉकचा घेर तुझ्या लाळेने ओला व्हायचा."

"काहीतरी सांगू नकोस. मला दिसतंय सगळं. बोट दिसते. किनारा दिसतो. ती बाई कंदील धरून उभी आहे, त्या कंदिलाची काच एका बाजूने काळी झालीय."

"तो आपल्या स्वयंपाकघरातला कंदील."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"आणि त्या बाईच्या अंगावर काय आहे?" ताईने विचारलं. मास्तर पोराला उत्तरापर्यंत बोट धरून नेतात तसं.

"शाल. हिरवी शाल."

"चिमण्या, चित्रपट काळापांढरा होता."

किती सोपी गोष्ट! बुबुळाच्या कोटाला किती गुंड्या होत्या यावरून पोस्टमास्तरांशी महिनाभर वाद घातलेला हा माणूस, आणि डोक्यात इतकी वर्षं हिरवीगार शाल पांघरून उभी असलेली बाई त्याला कधी खटकली नाही. डॉक्टरांनी खाली वाकून तो घरंगळलेला दाणा शोधला, उचलला आणि मग कुठे ठेवावा ते न कळून मुठीतच धरून बसले. शाल कुणाची होती ते त्यांना आता आठवलं. त्या शालीला इस्पितळाचा वास येण्याच्या आधीचा तिचा वास आठवला.

त्या वर्षी आई इस्पितळात होती. घरात दोन पोरं एकटी कशी ठेवायची, म्हणून शाळा सुटली की वडील त्यांना टॉकीजवर आणत, शेवटच्या रांगेत, बाहेर जायच्या दाराच्या पडद्याशेजारी बसवत आणि स्वतः बॅटरी घेऊन दाराशी उभे राहत. पडद्यावर काय चाललंय हे त्यांनी कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यांचं लक्ष त्या दिवसांत कशातच नव्हतं.

"मग तू मला शेंडीच लावलीस म्हणायची," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसून म्हणायचं होतं, पण आवाज वेगळाच निघाला. "आयुष्यभर. अगं, लोकांसमोर छातीठोकपणे सांगतोय मी, आमच्याकडे वेगळी प्रिंट यायची!"

"मला काय माहीत, तू पुढे त्यावर सभा भरवशील!"

यावर दोघांनाही हसू आलं. भाचीने आतून डोकावून पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

"दर वेळी तू एकच विचारायचास," ताई हळू आवाजात म्हणाली. शेंगा पुन्हा सुरू झाल्या होत्या. "कुठलाही सिनेमा असो. संपायला आला की, मग तो घरी गेला का? तू त्या भुताबद्दल विचारत नव्हतास, तेवढं मला कळत होतं. बाबांना विचारायची तुझी छाती नव्हती, म्हणून मला विचारायचास. मग मी काय सांगायचं? जळला म्हणून सांगू? फरशीवर आपटून डोकं फुटलं म्हणून?"

"आई आली नाहीच."

"नाही आली. पण तो मोसमभर तू रात्री झोपलास तरी."

डॉक्टरांना पाणी प्यावंसं वाटलं. उठून आत जाणं त्यांना जमलं नाही.

"आणि तू?" त्यांनी विचारलं. "तू सगळं उघड्या डोळ्यांनी पाहत होतीस?"

"दोघांनी डोळे मिटले असते तर तुला सांगितलं कुणी असतं?"

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची तर! पाचावर धारण बसायची. तो पाहुणा जळतो ना, तेव्हा त्याचे ते डोळे... बुबुळच तो. कॅमेरा हलतच नाही रे मेला, डोळ्यांवरून. मी तुला बोट सांगत होते, कंदील सांगत होते आणि समोर ते डोळे." तिने रिकामी सालं बाजूला लोटली. "अजून दिसतात कधीतरी. बाकी काही धड दिसत नाही, पण ते तेवढे लख्ख दिसतात."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. गुडघा दुखतो म्हणावं तसं म्हटलं होतं. डॉक्टरांना मात्र फार वाईट वाटलं, इतकं की क्षणभर त्या टॉकीजमध्ये जाऊन त्या पोरीच्या शेजारी नीट बसावं, डोळे उघडे ठेवून बसावं, असं त्यांना वाटून गेलं. तिच्यापेक्षा ते फक्त चारच वर्षांनी लहान होते. तिच्या डोळ्यांवर हात ठेवणारं तिथे कुणीच नव्हतं.

"रविवारी दाखवणार आहेत तो," ते म्हणाले. "येशील?"

"मी येऊन काय करू? मला काय दिसणार?"

"मी सांगेन की."

ताई त्यांच्या कानाच्या बाजूला बघत राहिली. मग म्हणाली, "इंटरव्हलला शेंगदाणे घेऊन देणार असशील तर येते. बाबा कधी द्यायचे नाहीत."

रविवारी सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. भूतसभा झाडून हजर होती. पोस्टमास्तर कोट घालून आले होते, आणि गणिताच्या बाई डॉक्टरांच्या मागच्याच रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. भाचीने ताईला धरून आणलं, चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि "मामा, मला असले सिनेमे सोसत नाहीत, मी बाहेर बसते," असं सांगून ती निघून गेली.

चिटणीसांनी डॉक्टरांची ओळख इतकी लांबण लावून करून दिली की सुतळीसुद्धा आखूड वाटावा. त्यांनी दुसऱ्या शेवटाचाही उल्लेख केला आणि आता डॉक्टरच त्यावर प्रकाश टाकतील, असं सांगून ते खाली बसले.

डॉक्टर ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. लिहून आणलेला कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही.

"आमच्या सभेचा एक नियम आहे," ते म्हणाले. "प्रश्नाची दोन उत्तरं निघाली, तर विचारणाऱ्याने बिस्किटं आणायची. मी आजवर एकदाही आणली नाहीत. आता जिवात जीव आहे तोवर मीच आणीन. कारण हा चित्रपट मी पाहिलेला नाही."

पोस्टमास्तरांनी "आं?" केलं, ते चार रांगांना ऐकू गेलं.

"'घंटाघराचा राखणदार' पाहिलेला नाही. 'आरशामागचा शेजारी' पाहिलेला नाही. मी ते ऐकलेत. मी भागूबाई होतो, डोळे मिटून बसायचो. दुसरा शेवट म्हणून जो मी सांगत आलो, तो कुठल्याही गोदामात, कुठल्याही डब्यात सापडायचा नाही. चिटणीससाहेब, कुणाला शोधायला लावू नका." त्यांनी ताईकडे पाहिलं. "माझ्या वाटचे सगळे चित्रपट ज्यांनी पाहिले, त्या इथे चौथ्या रांगेत बसल्या आहेत. एवढंच."

लोकांना हसावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना, मग त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. चिटणीसांचा चेहरा दातखीळ बसल्यासारखा झाला होता. ताई सरळ बसून होती, पण तिने पदर ओठांवर धरला होता.

"मूर्खच आहेस," डॉक्टर शेजारी येऊन बसले तेव्हा ती पुटपुटली. "चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

दिवे गेले. पडद्यावर नावं यायला लागली आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपली मान आपोआप खाली चालली आहे. त्यांनी ती वर केली.

मग ते सांगत गेले. हळू आवाजात, तिच्या कानाशी. धुकं आलंय. दीपगृहाचा राखणदार जिना चढतोय, मागून त्याची मुलगी. आता दार वाजलं. आता तो आत येतोय, ओलाचिंब, कोटातून पाणी गळतंय. ताई मान हलवत होती आणि मधूनच दुरुस्तीही करत होती. "त्याच्या हातात टोपी असेल बघ." टोपी होती. चित्रपट पहिल्यांदाच पाहत असलेल्या माणसाला तो आठवत होता, आणि तरी सगळं वेगळं होतं. दीपगृह पुठ्ठ्याचं वाटत होतं. आणि बुबुळ! डॉक्टरांच्या डोक्यातला बुबुळ छताला डोकं लागेल एवढा थोरला होता. पडद्यावर एक ठेंगणा, दमलेला माणूस होता. रोज नोकरीवरून परतणाऱ्या कुणासारखाही. त्याचे डोळे मात्र खरोखरच मोठे होते. कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघितल्यावर डॉक्टरांना ते भ्यायल्यासारखे वाटायला लागले.

मध्यंतरात त्यांनी तिला शेंगदाणे घेऊन दिले. तिने थोडे खाल्ले, उरलेले पुडीसकट मुठीत धरून ठेवले.

शेवटाकडे गावकरी मशाली घेऊन निघाले तेव्हा डॉक्टर आपोआप सावकाश बोलायला लागले. पेशंटच्या तोंडात चिमटा घालायच्या आधी ते असंच करत. "आता जरा उजेड होईल, ताई. जिना पेटलाय. तो वर आहे, दिव्यापाशी."

"ठाऊक आहे."

आणि पडदा एकदम पांढराफटक झाला. तो उजेड साऱ्या सभागृहावर पडला, माणसांचे चेहरे, खुर्च्यांच्या पाठी सगळं उजळलं. तिच्या कडेच्या नजरेलाही तो जाणवला असणार. पुडी चुरगळल्याचा आवाज आला. ताईने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि कपाळ भावाच्या खांद्यात खुपसलं होतं. एवढीशी झाली होती ती.

"झालं का रे?" तिने विचारलं.

"अजून नाही."

पडद्यावर फक्त डोळे होते. कॅमेरा हलत नव्हता, ती म्हणाली होती तसाच. नजर बाजूला वळवावी, क्षणभर तरी, असं डॉक्टरांच्या जिवाला फार वाटलं. त्यांनी वळवली नाही. एक हात तिच्या कानावर ठेवला, अर्धाच, आपलं बोलणं तिला ऐकू येईल इतपत, आणि ते डोळे विझेपर्यंत एकट्याने पाहिले.

"झालं," ते म्हणाले. "झालंच."

"मग?"

समोर जळकं दीपगृह होतं. धूर निघत होता. त्यापलीकडे समुद्र होता आणि त्यावर काहीही नव्हतं.

"मग बोट आली," डॉक्टर म्हणाले. "बसला तो. वल्हवतोय."

"किनाऱ्यावर कुणी आहे?"

"आहे ना. कंदील आहे हातात. काच एका बाजूने काळी आहे."

"आणि शाल?"

"हिरवी."

ताईने डोळे उघडले नाहीत. तशीच खांद्याला टेकून राहिली आणि मुठीतली पुडी सैल झाली. मागच्या रांगेत पोस्टमास्तर काहीतरी बोलायला घाईघाईने पुढे वाकले. गणिताच्या बाईंनी त्यांची बाही धरली आणि त्यांना मागे ओढलं.